वच्छलाबाईचं राहिलेलं

५ मे १९७५, सोमवार

नवं घर, नवी वही. उमरेडच्या बालवाडीत पोरांना शुद्धलेखन शिकवता शिकवता मलाच शुद्ध लिहायची सवय लागली. बोलताना मात्र मले-तुले सुटत नाही. इथे शुद्धच लिहीन म्हणते, बघू किती टिकतं. नव्याचे नऊ दिवस.

लग्न शुक्रवारी झालं आणि काल सायंकाळी एसटीने नागपूरला, सक्करदऱ्याला येऊन पोचलो. प्रेमिला शेवटी बिजवराला दिली म्हणून उमरेडच्या बायका हळहळल्या. मला तर हळहळण्यासारखं काही दिसत नाही. रुपराव नावाचा शांत माणूस आहे, वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून. सकाळी डबा घेऊन सायकलवर निघतात ते दिवे लागल्यावर येतात. घर स्वतःचं, मागे विहीर, अंगणात कडुलिंब, स्वयंपाकाला पितळी स्टोव्ह. पहाटे तलावाकडून वारा येतो. मी खूश आहे, खोटं कशाला लिहू.

समोरच्या खोलीत यांच्या वडिलांचा माग आहे, पण आता कोणी विणत नाही. विणकराने पाय सोडून बसायचा तो खड्डाही फळ्यांनी झाकून टाकला आहे. यांची पहिली बायको वच्छलाबाई तिथे बसायची. ती दोन वर्षांपूर्वी वारली. तिची मुलगी उत्तरा सहा वर्षांची. आम्ही आल्यापासून दाराआडून मला पाहत होती. आत्याबाईंनी तिला सांगितलं, हिले मावशी म्हणत जा. मी म्हटलं, आई म्हटलं तरी चालते. पोरगी दाराआड गेली ती जेवायलाच बाहेर आली.

आत्याबाई म्हणजे यांच्या आत्या पार्वतीबाई. कन्हानला असतात, लग्नापुरत्या आल्या. त्यांनी उंबऱ्यावरच माझ्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. चांदीचा, बोटाच्या पेराएवढा, वर बाईची आकृती कोरलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेला. बिजवराच्या बायकोला तो घालावा लागतो. पहिलीला गळ्यात जागा दिली की ती घरात जागा मागत नाही, असं म्हणतात. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, पहिला घास टाकाला दाखवायचा, आणि तो कधी काढायचा नाही. मी हो म्हटलं. मंगळसूत्र केवढंसं आणि टाक केवढा, नाकापेक्षा मोती जड.

८ मे

आत्याबाई कन्हानला गेल्या आणि मी पदर खोचला. मला पसारा पाहवत नाही. कामाची वस्तू असेल तर तिला जागा हवी, नसेल तर तिने दुसऱ्याच्या घरी जावं. माझ्या माहेरी मला केरसुणी म्हणायचे.

इथे तर जिकडे हात घालावा तिकडे वच्छलाबाई. पलंगाखाली तिच्या लुगड्यांची पेटी, मागाच्या फळ्यांवर सुताच्या कांड्या आणि तिचा धोटा, फळीवर बांगड्यांचा डबा, कोपऱ्यात तिच्या माहेरचा पितळी गुंड, पाणी भरला तर दोघींनी उचलावा एवढा. तिच्या चपलासुद्धा दारामागे. टाचेकडे झिजलेल्या. रोज त्यांना ठेचकाळून आत जायचं म्हणजे कमाल झाली.

यांना विचारलं. म्हणाले, तुले जे करायचं ते कर, मले दाखवू नको. बोलताना डोळे भरले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण राग आला.

शेजारच्या कांताबाईंनी दुपारी सगळं सांगितलं. वच्छलाबाई अशाच वैशाखात विणकर गल्लीतून सुताचा भारा डोक्यावर घेऊन आली. उत्तरा तेव्हा चार वर्षांची, घरात झोपवून गेली होती. पोरीने उठून पाटावर चढून खेळता खेळता आतून कडी लावली आणि मग तिला ती काढता येईना. बाहेर माय पाणी दे, दार उघड म्हणते आणि आत पोरगी रडते. नागपूरची मे महिन्यातली दुपार, दारंखिडक्या लावून सारी गल्ली झोपलेली. लोक जमले तेव्हा बाई उंबऱ्यावर डोकं टेकून पडली होती. ऊन लागलं होतं. तोंडात पाणी घातलं तर घशाखाली उतरलं नाही.

रात्री उत्तराला दोन घास जास्त भरवले.

११ मे, रविवार

आज उत्तरा आपण होऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली. मी हललेच नाही, पाय मुंगावून गेला तरी. वेणी घातली तेव्हा मात्र म्हणाली की माय पाच पेडांची घालायची. मला तीन पेडांचीच येते. तसं सांगितलं तर म्हणाली, असू दे मावशी, मले चालते. किती समजूतदार पोर आहे. हिने मला एकदा आई म्हणावं, दुसरं काही मागणं नाही माझं.

येत्या बुधवारी अखजी आहे, म्हणजे अक्षय्य तृतीया. मेल्या माणसाच्या नावाने पाण्याने भरलेलं भांडं दान द्यायचं. बाई सवाष्ण गेलेली असेल तर तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. मी म्हटलं, कुंभाराकडून नवी घागर कशाला, वच्छलाबाईचा गुंड आहेच. आणि गुंडच का, सगळंच देऊन टाकू. दान होईल आणि घरही मोकळं होईल. कांताबाईंना जेवायला सांगितलं. त्यांची सून गरोदर आहे, लुगडी दुपट्यांच्या कामी येतील.

गळ्याला घामोळ्या आल्या आहेत. टाकाचा दोरा घामाने भिजून काचतो.

१४ मे, अखजी

मोकळं झालं एकदाचं.

पुरण केलं, कुरडया तळल्या, चिंच-गुळाचं चिंचवणी केलं. गुंड भरून मधल्या खोलीत ठेवला, भोवती सगळं सामान रचलं. हे कामाला गेले होते, मालकाला कसली अखजी. कांताबाईंची वाट पाहता पाहता ऊन चढलं. तेवढ्यात कडी वाजली. दारात एक बाई. उन्हामुळे पदर नाकापर्यंत ओढलेला. मला वाटलं, कांताबाईंनी बदली जावेला पाठवलं असेल. या म्हटलं, पाट मांडलेलाच होता.

ती जेवली नाही. पाणी मात्र प्यायली. पेला भरून देते तोवर रिकामा. तांब्याने दिलं, तांब्याही रिकामा. मी मनात म्हटलं, उन्हातून आली बिचारी.

मग दान सोडायला बसले. घामोळ्यांनी जीव नकोसा झाला होता. मनात आलं, हा टाकही तिचाच, तिच्याच वस्तूंबरोबर गेलेला बरा. दोरा तोडला आणि टाक गुंडात टाकला. बुडूक आवाज झाला. तिच्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं आणि म्हटलं, वच्छलाबाईचं या घरात जे जे आहे ते सगळं दिलं. ते पाणी तळहातावरून खाली सांडलं नाही. हातातच मुरलं.

मी विडा आणायला आत गेले. येऊन पाहते तर बाई नाही, सामान नाही, पाण्याने भरलेला गुंडही नाही. उत्तरा दाराशी उभी होती. तिला विचारलं की ती बाई कशी गेली. ती कडीकडे पाहत राहिली.

दिवे लागल्यावर कांताबाई आल्या, माफी मागत. सकाळपासून जुलाब होत होते म्हणे. त्यांनी कोणाला पाठवलं नव्हतं. आम्ही दोघी हसलो. कोणाचं तरी नशीब उघडलं म्हटलं.

१५ मे

यांनी आज गळा पाहिला. टाक कुठी आहे म्हणून विचारलं. सांगितलं. वाटलं होतं रागावतील. रागावले नाहीत. ताट सरकवून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले की ते तिचं सामान नव्हतं, ती स्वतः होती.

असं कोणी घाबरवतं का बायकोला. मीही जेवले नाही.

१६ मे

दुपारी ती बाई पुन्हा आली. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर वितळून चकाकतं आहे आणि ही अनवाणी, पाय न उचलता उभी. म्हणाली, अजून राहिलं.

मी म्हटलं सगळं दिलं. ती म्हणाली, अजून राहिलं. शोधलं तर खरंच आरशामागे लाकडी फणी होती, दातांत केस अडकलेले. दार किलकिलं करून दिली. तिच्या बोटांना माझं बोट लागलं. उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखं लागलं. पलीकडे उंबऱ्यावर पायांचे ठसे नाहीत, नुसती धूळ.

देणाराच उगाच भितो, असं स्वतःला सांगते आहे.

१८ मे, रविवार

हे घरी होते म्हणून येणार नाही असं वाटलं होतं. आली. यांना दिसली नाही. मी दाराशी कोणाशी बोलून राहिली म्हणून विचारतात. माळ्यावरून उत्तराच्या पाळण्याची दोरी काढून दिली. वच्छलाबाईने स्वतः वळलेली. मग उत्तराची लहानपणची गोधडी मागितली. उत्तरा त्या गोधडीशिवाय झोपत नाही, तरी दिली. मला वाटलं, हे शेवटचं.

गोधडी बाहेर गेली आणि उत्तरा रडली नाही. ती हसली. मला तिचं ते हसणं आवडलं नाही.

१९ मे

आज सकाळपासून घर उलटंपालटं केलं. पेट्या, डबे, स्टोव्हमागचा कोनाडा, मागाच्या खड्ड्यावरच्या फळ्यासुद्धा उचलल्या. वच्छलाबाईची सुई राहिली नाही या घरात. निश्वास टाकून बसले आणि जेवायला उत्तराला हाक मारली.

ती समोरच्या दाराशी होती. चवड्यांवर उभी राहून कडीला हात लावत होती. हात पोचत होता. माझ्याकडे वळून म्हणाली, मावशी, आता मले काढता येते.

तेव्हा कळलं काय राहिलं ते.

जे जे आहे ते सगळं दिलं, असं मीच म्हटलं. पाणी सोडून म्हटलं. देवा, माझ्या जिभेला हाड नाही.

२० मे

उत्तराला घेऊन सकाळच्या गाडीने कन्हानला गेले. आत्याबाईंनी माझा गळा पाहिला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. दिलेलं दान परत मागता येत नाही. दुसरा टाक घडवून उपयोग नाही, ती त्या टाकात होती, त्याच टाकात बसेल. टाक आता तिच्याजवळ आहे. कदाचित ती तो परत देईल, कारण तिलाही घर हवं आहे. पण घेऊ नको म्हणाल्या. आपण तिले गळ्यात बांधलं तं ती आपल्या ताब्यात. तिनं तुह्या गळ्यात बांधलं तं तू तिच्या ताब्यात.

मी म्हटलं, मग मी उत्तराला घेऊन उमरेडला जाते, पार आसामात जाते. आत्याबाईंनी माझ्या मागे बोट केलं.

दुपार झाली होती. त्यांच्या दारात ती उभी होती. कन्हानला. पदर नाकापर्यंत. उत्तरा तिच्याकडे चालत निघाली होती, मी दंडाला धरून ओढली. पोरीचा दंड चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला.

२१ मे

ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं. पण ती उन्हात गेलीच नव्हती. मी तिला माझ्या पदराशी बांधून ठेवली आहे. गाठ मारली आहे पदराला आणि तिच्या फ्रॉकला. कडीवर सुतळी गुंडाळली. समोरची खिडकी पोत्याने बंद केली.

हे रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून आहेत. हात दाखवून अवलक्षण मी केलं.

दुपारी कडी वाजली. उघडली नाही. वाजतच राहिली, ऊन कलेपर्यंत. यांना आवाज येत नाही. उत्तराला येतो. ती तापातच म्हणते — माय, थांब, पाट आणतो —

२२ मे

सकाळ. उत्तरा ओळखत नाही कोणाला. ओठ फाटले. मी पाणी पाजते, पाणी गालावरून खाली येते. घशाखाली उतरत नाही. कांताबाईंनी वच्छलाबाईचं सांगितलं होतं तसंच. अगदी तसंच.

हे रिक्षा आणायला गेले. मोठ्या दवाखान्यात नेऊ म्हणाले. मी म्हटलं, दुपारच्या आत या, पाया पडतो तुमच्या. ऊन चढून राहिलं. एक रिक्षा नाही रस्त्यावर —

शुद्ध लिहिणं होत नाही आता.

कडी वाजली.

मी म्हटलं, पोरगी माही आहे. ती बाहेरून म्हणाली, तूच देल्ली. हातावर पाणी सोडून देल्ली.

खरं आहे.

म्हटलं, लुगडे घे माहे, मंगळसूत्र घे. घर घे. तिनं म्हटलं, अजून राहिलं. तेवढंच म्हणते. अजून राहिलं.

उत्तरानं पदराची गाठ सोडली. झोपेत. डोळे मिटलेले आणि बोटं गाठ सोडून राहिली. मी पुन्हा बांधली. पुन्हा सोडली —

दाराच्या फटीतून हात आला. वाळलेला. त्यात टाक. काळा दोरा, मी तोडला होता तोच, गाठ मारून जोडलेला.

पोरीचा श्वास थांबला — नाही, आहे — आहे, बारीक —

आत्याबाईनं सांगितलं होतं घेऊ नको. मी विसरली नाही. कोणी म्हणू नये का प्रेमिलाले समजलं नाही म्हणून. समजून करून राहिली. पोरगी जगली पाहिजे. मंग ती कोणाची का होईना.

सुतळी सोडली. कडी काढतो.

—

उत्तरा उठून बसली. पाणी मागितलं. पेलाभर प्याली. घोट घोट खाली उतरला, मी गळ्यावर हात ठेवून पाहिलं. अंग गार. देवा, तुहे उपकार —

दारात कोणी नाही. ऊनच ऊन.

टाक गळ्यात आहे. तिनंच बांधला. दोरा काचत नाही. गार लागते. लय गार, विहिरीत उतरल्यासारखं.

मी उत्तराची वेणी घालून राहिली. घालून झाल्यावर पाहिली. पाच पेडांची. मले पाच पेडांची येत नाही.

पोरीनं गळ्याले मिठी मारली. माय म्हणाली. मी ओ देल्ली. तो आवाज माहा नोहे.

मंग ती घरभर फिरली. सैपाकघरात पाहिलं. विहिरीकडं जाऊन पाहिलं. परत आली, हात धरून विचारते, माय, मावशी कुठी गेली.

इथंच आहे वं बाई. इथंच. सांगून राहिली, तोंड उघडत नाही. तोंड दुसरंच काही बोलून राहिलं तिच्याशी, हसून राहिलं. हा हात तेवढा अजून माहा — हाही जड होऊन राहिला, बोटं चांदीसारखे —

सायकल वाजली. हे आले. हे पाहतीन, वही पाहतीन, तं कळन त्याईले — उत्तरा, इकडं पाह्य, तोंडाकडं नको पाहू, गळ्यात पाह्य — टाकात — मी —